‘ग्राफिक्स एक नंबर’ म्हणून मोकळं होऊ नका

ग्राफिक्स एक नंबर, फाईट जबरदस्त, स्टोरी ठीकठाक, दहापैकी आठ. झालं तुमचं गेमचं परीक्षण? एवढ्या भांडवलावर परभणी-हिंगोलीकडचं एखादं पोरगं तीन-चार हजार रुपये मोजतंय, रात्रभर डाउनलोड लावतंय, आणि गेम सुरू झाला की पडद्यावर नुसता चिखल. चूक त्या पोराची नाही. ज्यानं ग्राफिक्स कार्ड कोणतं, रिझोल्यूशन (पडद्यावरचे ठिपके) किती, सेटिंग काय, किती तास खेळला, यातलं काहीएक न सांगता थेट निकाल दिला, चूक त्याची आहे. मराठीत गेमवर बोलणारे वाढलेत याचा आनंदच आहे. पण लई जण ट्रेलर बघून निकाल सांगायलेत, आणि फँटसी आरपीजीसारख्या, म्हणजे जादूच्या जगात एक पात्र होऊन खेळायच्या शंभर तासांच्या गेमला हा प्रकार चालत नाही.

ग्राफिक्स या एका शब्दात तुम्ही तीन गोष्टी कोंबता. चित्र किती बारीक आणि स्वच्छ आहे, ही एक. ते जग कसं रंगवलंय, ही दुसरी. आणि समोरच्याच्या मशीनवर ते अडखळत तर नाही ना, ही तिसरी. २०२२ चा एल्डन रिंग पीसीवर सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० चित्रांच्या वर जातच नाही. पण उघड्यावर जवळपास कुठंही उभं राहा, ते भलंमोठं सोनेरी झाड क्षितिजावर दिसतं आणि कुठल्या दिशेला निघायचं ते न सांगता कळतं. ही रंगवणाऱ्याची कमाल आहे, त्यात कार्डाच्या ताकदीचा वाटा थोडा. उलट एखाद्या गेममध्ये दगडाचा कण न् कण दिसतो, पण सगळी गुहा एकाच करड्या रंगात बुडालेली, वाट सापडत नाही. दोघांनाही ‘एक नंबर’ म्हणायचं असेल तर त्या शब्दाला काही किंमतच उरली नाही.

सगळ्यात जास्त नुकसान अपस्केलिंगच्या, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करण्याच्या तंत्राबद्दलच्या थापेनं केलंय. डीएलएसएस किंवा एफएसआर (याच तंत्राचे दोन प्रकार) ‘क्वालिटी’वर लावा, चित्र मूळापेक्षाही भारी दिसतं, असं ठोकून सांगतात. हे सांगणाऱ्याच्या टेबलावर फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा मॉनिटर असतो. तिथं क्वालिटी मोडमध्ये गेम आतून २५६० बाय १४४० चं, म्हणजे जवळपास ३७ लाख ठिपक्यांचं चित्र काढतो आणि मग ते मोठं करतो. आमच्याकडं बहुतेकांच्या घरी १९२० बाय १०८० चा मॉनिटर. त्यावर तोच क्वालिटी मोड १२८० बाय ७२० चं, म्हणजे सव्वानऊ लाख ठिपक्यांचं चित्र काढतो. ‘परफॉर्मन्स’ लावलं तर ९६० बाय ५४०, जेमतेम सव्वापाच लाख. एवढ्याशा माहितीतून गवताची पाती, केस, जाळीदार चिलखत कुठून येणार? कडा वळवळतात, घोडा पळाला की मागं धुरकट रेघ राहते. मोड तोच, नाव तेच, चित्र वेगळं. मॉनिटरचं रिझोल्यूशन न सांगता ‘क्वालिटी लावा’ म्हणणं म्हणजे समोरच्याला फसवणंच आहे. आणि ट्रेलर बघून तर ग्राफिक्सवर बोलूच नका. व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये गवत आणि अंधार हेच पहिले मरतात, आणि फँटसी गेम या दोन गोष्टींनीच भरलेला असतो.

कार्डाची मेमरी हा दुसरा गळफास. चार जीबीच्या कार्डावर टेक्स्चर (भिंती, कपडे, दगडांवर चढवलेली चित्रं) ‘अल्ट्रा’ ठेवलं की पहिली पाच मिनिटं सगळं छान चालतं. मेमरी भरली की भिंती मेणासारख्या दिसायला लागतात, वळलं की झटका बसतो. टेक्स्चर मेमरीत मावतंय तोवर ते वाढवल्यानं फ्रेम जवळपास पडत नाहीत. मावलं नाही की गेम खेळण्यालायक राहत नाही. म्हणून टेक्स्चर आधी मेमरीच्या मापाचं ठेवायचं, मग सावल्या, धुकं-ढग, प्रतिबिंबं या क्रमानं खाली यायचं. २०१५ च्या विचर ३ मध्ये हेअरवर्क्स (केसांचं जड सेटिंग) आधी बंद करायचं, आणि डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर जुन्या कार्डावर सुरू करताना डायरेक्टएक्सची (गेम आणि कार्डातला दुवा) ११ वाली आवृत्ती निवडायची, कारण १२ वाली आवृत्ती कमजोर मशीनला झेपत नाही. दोन वाक्यांत सांगून होणारी गोष्ट आहे. तेवढीही कुणी सांगत नाही. वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपवाल्याला तर कुणी वालीच नाही. त्याच्या लॅपटॉपात आठ जीबीची एकच रॅमपट्टी असते, आणि आतलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं. शेजारी तशीच दुसरी पट्टी लावली की मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो आणि फ्रेममध्ये डोळ्यांना कळेल एवढा फरक पडतो.

‘साठ फ्रेम मिळतात’ हेही अर्धंच सांगणं झालं. साठ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. त्यात मध्येच एखादी फ्रेम शंभर मिलिसेकंदाला आली तरी सरासरी साठच्या आसपासच दिसते, पण हाताला मात्र हिसका बसतो. सरासरीसोबत सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा आकडाही द्या, आणि तो गेमच्या जड जागेतून घ्या. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ चा पहिला अंक रानावनात आहे, तो बऱ्याच मशीनवर गुमान चालतो. तिसऱ्या अंकात शहर येतं, गल्लोगल्ली माणसं, आणि प्रोसेसर तोंडाला फेस आणतो. पहिल्या अंकातली चाचणी दाखवून ‘मक्खन चालतो’ म्हणणाऱ्याला शहरापर्यंत पोचायची गरजच वाटलेली नसते.

आता उन्हाचं. मे महिन्यात नांदेड-परभणीला पारा ४२-४३ वर असतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. खोलीचं तापमान जेवढं वाढतं, जवळपास तेवढंच चिपचंही वाढतं. एसीत २४ अंशांवर केलेली चाचणी आणि ४० अंशांच्या खोलीतला खेळ यात सोळा अंशांचं अंतर आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो. म्हणून पहिली दहा मिनिटं साठ, अर्ध्या तासानं पस्तीस. पाच मिनिटांचा आकडा दाखवणाऱ्या परीक्षणाचा आमच्याकडं काडीचा उपयोग नाही. अर्धा तास चालवा, मग बोला. लॅपटॉपवाल्यांना हेही सांगा: फ्रेम चाळीसवर बांधून टाका, मागची बाजू दोन बोटं उचला, जाळीतली धूळ काढा, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. त्या एका टक्क्यानं टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान लक्षात येईल इतकं उतरतं.

फाईटवर तर लोक डोळे झाकून बोलतात. ‘शत्रू मरतच नाही, बकवास फाईट.’ अहो, डिफिकल्टी कुठं ठेवली होती ते सांगा! २०११ च्या स्कायरिममध्ये लेजेंडरीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर आपला फटका पाव होतो आणि शत्रूचा तिप्पट. नेहमीच्या अडेप्ट पातळीवर आठ वारांत पडणारा दरोडेखोर तिथं बत्तीस वार खातो. त्याची अक्कल तीच, चाल तीच, फक्त आपला वार बोथट. स्कायरिमच्या फाईटवर टीका करायची तर ही खरी जागा आहे, की अवघड करण्याच्या नावाखाली नुसते आकडे फिरवलेत. पण ती टीका करायला आकडा माहीत असावा लागतो.

बाल्डर्स गेट ३ बद्दलचं रडगाणं वेगळंच: ‘समोर उभा राहून मारतो तरी चुकतं.’ तिथं वीस बाजूंचा फासा पडतो, त्यात तुमचा बोनस मिळतो, आणि बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासएवढी (त्याच्या बचावाचा आकडा) किंवा जास्त झाली तर फटका लागतो. बोनस पाच आणि समोरचा पंधराचा असेल तर दहा किंवा वर पडायला हवं, म्हणजे ५५ टक्के. जवळजवळ निम्मे वार वाया जाणारच! उंचावर चढून बाण मारला की दोन जास्त मिळतात, ६५ टक्के होतात. ॲडव्हान्टेज मिळवला, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, की त्याच ५५ चे जवळपास ८० होतात. लपून मारा, शत्रूला आडवा पाडा आणि जवळून मारा. हेच त्या गेमचं कॉम्बॅट आहे. सपाटीवर उभं राहून पंचावन्न टक्क्यांचे फासे टाकत बसायचं आणि गेमला शिव्या द्यायच्या, हे परीक्षण नव्हे.

एल्डन रिंगमध्ये ‘रोल (वार चुकवायची कोलांटी) उशिरा लागतो’ ही तक्रार तर पाठच झालीय. तिथं पळणं आणि रोल एकाच बटणावर आहे, म्हणून रोल बटण सोडल्यावर लागतो. दाबून धरलं की उशीर तुम्हीच करता. दुसरं कारण वजन. अंगावरचा भार ७० टक्क्यांच्या आत असला तर रोल नीट बसतो, ७० झाला की माणूस पोतं टाकल्यासारखा पडतो, १०० च्या पुढं रोलच नाही. ढाल काढून ठेवा नाहीतर एन्ड्युरन्स (पात्राची भार पेलायची ताकद) वाढवा. तिसरं कारण टीव्ही. गेम मोड बंद असेल तर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि बटण दाबल्याचा परिणाम उशिरा दिसतो. ही तिन्ही तपासूनही रोल उशिरा लागत असेल तर खुशाल नावं ठेवा.

आणि सेव्ह कसं होतं, हे परीक्षणात का नसतं? ज्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथं हा प्रश्न ग्राफिक्सच्या आधीचा आहे. बाल्डर्स गेट ३ मध्ये ऐन लढाईत एफ-५ दाबून सेव्ह करता येतं. स्कायरिममध्येही येतं. विचर ३ मध्ये लढाई चालू असताना सेव्ह होत नाही. एल्डन रिंग स्वतःच वरचेवर सेव्ह करत राहतो, पण थांबवायचं म्हटलं तर साधा पॉज नाही. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर साधारण ३६० वॉटपर्यंत भार पेलतो. मध्यम कार्डाच्या मशीनला सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती मिनिटं त्यातून मिळतात. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत हे येणार नाही, पण आपल्याकडचे लोकही बोलत नाहीत याचा संताप जास्त होतो.

स्टोरीवरचे निकाल सगळ्यात उथळ. संवाद स्किप करायचे, दहा तासांत गेम सोडायचा आणि ‘स्टोरीत दम नाही’ म्हणायचं. बाल्डर्स गेट ३ मध्ये साथीदारांच्या कथा मुक्कामावर उलगडतात, लाँग रेस्ट म्हणजे रात्रीची पूर्ण विश्रांती घेतली की. रेस्टच घेतली नाही तर प्रसंग हुकतात, मग ‘साथीदार गप्प असतात’ म्हणून लिहितात. एल्डन रिंगमध्ये निम्मी कथा वस्तूंच्या वर्णनात आहे, ते न वाचता ‘कथाच नाही’ म्हणणारे ढिगानं सापडतील. निर्णयाला वजन आहे का, हे तपासायची रीत सोपी आहे. निर्णयाआधी वेगळा सेव्ह ठेवा, एक वाट संपवा, परत येऊन दुसरी धरा. दोन्ही वाटांनी समोरचा तेच वाक्य बोलला तर ती निवड खोटी. विचर ३ मध्ये वेलेन नावाच्या मुलखात टेकडीवरच्या झाडाचा निर्णय असा आहे की त्याचे परिणाम भलत्याच माणसांच्या जिवावर येतात, आणि निर्णय घेताना ते कळत नाही. अशा जागा सांगा, शेवट न फोडता.

भाषेचं तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. या चारही गेममध्ये मराठी सबटायटल नाहीत. अंबाजोगाई-उदगीरच्या मराठी शाळेत शिकलेल्या पोराला कथा इंग्रजीतूनच पचवायची आहे. मग सांगा ना, की एल्डन रिंगची इंग्रजी जुन्या वळणाची आणि मुद्दाम कोड्यातली आहे. विचरमध्ये काही उत्तरांना वेळेची पट्टी असते, ती संपायच्या आत वाचून निवडावं लागतं. बाल्डर्स गेटमध्ये वाचायला लई आहे, पण उत्तर निवडायला हवा तेवढा वेळ घ्या, घाई नाही. अडखळत इंग्रजी वाचणाऱ्यासाठी स्टोरीच्या गुणांपेक्षा ही तीन वाक्यं जास्त कामाची आहेत.

बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर (वेगवान डिस्कवर). तेवढंच उतरवायचं धरलं, तर मोबाईलच्या रोजच्या दोन जीबी डेटानं पंच्याहत्तर दिवस. ४० एमबीपीएसची लाईन असली आणि ती एकदाही तुटली नाही तरी सव्वाआठ तास. एवढं सोसून गेम उतरवायचा, आणि स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) पैसे परत मिळायची मुदत खरेदीपासून चौदा दिवस आणि खेळण्याचे दोन तास. त्या दोन तासांत नवीन माणूस पात्राचं नाक-डोळे ठरवण्यात पाऊण तास घालवतो, कारण आधी काय तपासायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पात्र जसं येईल तसं घ्या, थेट बाहेरच्या उजेडात जा, अर्धा तास पळा, एक लढाई करा, फ्रेमचा आकडा बघा, पटलं तर मग नवीन सुरुवात करून नाक कोरत बसा. आणि काही गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (उजेड-रंग काढणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यात जी मिनिटं जातात ना, तीही त्या दोन तासांतूनच कापली जातात, हे निदान एका तरी व्हिडिओत सांगा.