गॉर्डन बँक्सबद्दलचा तो मेसेज अर्धवट आहे

इंग्लंडचा गोलकीपर गॉर्डन बँक्स, 1966 चा वर्ल्डकप जिंकणारा, 1972 ला अपघातात डोळा गेला आणि परत कधीच खेळला नाही, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. अपघात खरा आहे, ऑक्टोबर 1972 मध्ये गाडीची धडक झाली, काचा डोळ्यात गेल्या आणि उजव्या डोळ्याची नजर कायमची गेली. पण पुढचं चूक आहे. 1973 ला त्याने रिटायरमेंट घेतली हे बरोबर, तरी 1977 ला तो अमेरिकेत फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सकडून उतरला, एका डोळ्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि त्या सीझनला लीगचा बेस्ट गोलकीपर ठरला, हे त्या लीगच्या अवॉर्डच्या यादीत आहे, कुणीही बघू शकतं.

त्याच मेसेजमध्ये पेलेचा हेडर अडवून ब्राझीलला हरवलं असंही लिहिलंय. सेव्ह अफलातूनच होता, टप्पा पडून वर उसळलेला बॉल उजवीकडे झेपावत त्याने बारवरून काढला, पण 1970 ची ती मॅच ब्राझीलने 1-0 जिंकली, गोल जाइर्झिन्योचा.

एवढ्या मोठ्या माणसाचं करिअर असं अर्धवट पसरवू नका, प्लीज. जुना मेसेज फॉरवर्ड करणं थांबवा आणि ज्या ग्रुपवर टाकलाय तिथून डिलीट करा.