संसारी गाडीसुद्धा हौसेचीच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून 'मताचा आदर आहे' असं म्हणून सुटका करून घेत नाही, सविस्तरच लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की ज्याचं रोजचं जाणंयेणं एकट्याचं किंवा दोघांचं आहे आणि ज्याला बुटकी, हलकी, दोन दारांची स्पोर्टी गाडी मनापासून आवडते, त्याने ती घ्यावी. 'कधीतरी लागेल' म्हणून मोठी गाडी गळ्यात बांधून घेऊ नये. त्यावर तुमचे आक्षेप असे: गाडी कुटुंबाची असते, एकट्याच्या हौसेची नाही. उंच गाडी सुरक्षित असते, बुटकी नसते. स्पोर्टी गाडीच्या खर्चाबद्दल मी सोयीस्कर मौन पाळलं. आणि एकूणच, वेगाची खाज असलेल्या पोरकट लोकांना मी तात्त्विक आधार पुरवतोय. शेवटी तुम्ही तुमच्या भावाबद्दल विचारलं आहे. दोन लहान मुलं, गुडघे दुखणारे वडील आणि डोक्यात कूपे, म्हणजे तीच दोन दारांची बुटकी गाडी. त्याच्याकडे सगळ्यात शेवटी येतो, कारण खरा प्रश्न तोच दिसतोय.

आधी 'गरज' हा शब्द घेऊ. स्पोर्टी गाडी म्हणजे हौस आणि मोठी गाडी म्हणजे गरज, हे तुम्ही गृहीत धरलंय आणि माझा मतभेद नेमका तिथे आहे. सात आसनांची गाडी घेणाऱ्याला कारण विचारा. तो सांगेल, सगळे मिळून फिरायला जाता येईल. हे 'सगळे' एकत्र निघण्याचे दिवस वर्षात किती येतात? उरलेल्या वर्षभर तिसरी रांग दुमडलेली, दुसऱ्या रांगेवर एखादी बॅग आणि चालवणारा एकटा. स्पोर्टी गाडी घेणारा मनात स्वतःला मोकळ्या रस्त्यावरच्या वळणात बघत असतो, मोठी गाडी घेणारा स्वतःला सगळ्या गोतावळ्यासह डोंगराच्या पायथ्याशी बघत असतो. दोघंही एक चित्रच विकत घेतात. पण दुसऱ्याच्या चित्राला कुणी पोरकट म्हणत नाही, उलट त्याला जबाबदार माणूस म्हणतात. मला या मानापानाची गंमत वाटते.

आणि रिकाम्या सीटा फुकट नसतात. प्रत्येक सिग्नलला थांबून पुन्हा निघताना गाडीचं पूर्ण वजन नव्याने ओढावं लागतं, मग आत सात माणसं असोत की एक. हमरस्त्यावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात (वेग दुप्पट तर विरोध चौपट) वाढतो आणि समोरून गाडी जितकी रुंद-उंच, तितका तो जास्त. म्हणजे त्या 'कधीतरी'चं इंधन तुम्ही रोज जाळता. वर्षातल्या मोजक्या सहलींना मोठी गाडी भाड्याने घेतली तर जमतं का, हा हिशेब फार थोडे लोक मांडतात. जमणार नाहीही कदाचित, पण मांडून तर बघा. गेल्या दोन महिन्यांत गाडीत कोण कुठे बसलं आणि डिकीत काय होतं, एवढं कागदावर आठवून लिहिलं तरी बरीच उत्तरं आपोआप मिळतात.

आता सुरक्षेचा मुद्दा. इथे जरा थांबतो, कारण 'उंच म्हणजे सुरक्षित' हे वाक्य इतकं पसरलंय की ते तपासायची गरजही कुणाला वाटत नाही.

उंच गाडीतून लांबचं दिसतं, हे खरं. जड गाडी हलक्या गाडीवर आदळली तर जड गाडीतल्या माणसाला कमी झटका बसतो, हेही खरं. तो भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्यावर वाद घालून उपयोग नाही. पण अपघात म्हणजे फक्त समोरासमोरची धडक नव्हे. वाहन उलटण्याचा धोका मोजायला अमेरिकेची रस्ते-सुरक्षा संस्था, म्हणजे एनएचटीएसए, एक साधं गुणोत्तर वापरते : डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. आकडा जितका मोठा, तितकी गाडी उलटायला अवघड. साध्या कारसाठी तो बहुधा १.३० ते १.५० असतो, तर उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅनसाठी १.०० ते १.३०. बुटकी स्पोर्टी गाडी या मोजपट्टीवर वरच्या टोकाला बसते. समोर अचानक काही आलं आणि स्टिअरिंग जोरात फिरवावं लागलं, की नेमकी हीच गोष्ट कामाला येते. वजन एका बाजूच्या चाकांवर कमी झुकतं, चारही टायर रस्ता धरून राहतात.

उंच गाड्यांचं हे दुखणं खूप कमी केलं ते ईएससीने. घसरायला लागलेली गाडी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सावरणारी ही यंत्रणा १९९५ च्या सुमारास महागड्या जर्मन गाड्यांत आली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून ती सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्यामुळे आजची चांगली एसयूव्ही पूर्वीसारखी चटकन उलटत नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. पण ती सुरक्षित झाली ती यंत्रणेमुळे, उंचीमुळे नव्हे. शिवाय उंच बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभं असलेलं लहान मूल चालवणाऱ्याला दिसत नाही. कुटुंबासाठी गाडी घेतो म्हणणाऱ्याने निदान हा मुद्दा विसरू नये.

आणि ब्रेक. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. म्हणजे एक सेकंद लक्ष उडालं की ब्रेकला पाय लागायच्या आतच २८ मीटर गेले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनी थांबायला साधारण ४० मीटर लागतात. या हिशेबात गाडी बुटकी की उंच याला फारसं स्थान नाही. टायर कसे आहेत, त्यात हवा किती आहे आणि चालवणारा मोबाइलमध्ये बघतोय का, यावर सगळं ठरतं. झिजलेल्या टायरांची 'कुटुंबाची' गाडी मी नव्या टायरांच्या कूपेपेक्षा सुरक्षित मानणार नाही.

खर्चाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. स्पोर्टी गाडी खर्चिक असते आणि त्यातला मोठा वाटा चाकांचा असतो. टायरवरचे आकडे वाचायला सोपे आहेत. १९५/६५ आर१५ म्हणजे टायर १९५ मिलिमीटर रुंद, त्याची कडा रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर उंच, आणि रिम १५ इंची. २२५/४० आर१८ मध्ये कडा उरते फक्त ९० मिलिमीटर. खड्ड्यात आदळल्यावर धक्का पचवायचं काम ही रबराची कडा करते. ती कमी झाली की धक्का थेट अलॉयच्या रिमला, तिथून सस्पेन्शनला आणि तिथून तुमच्या कंबरेला. रुंद टायर महाग, मोठे ब्रेक महाग, काही इंजिनांना जास्त ऑक्टेनचं इंधन हवं, विमाही बहुधा चढा. हे सगळं धरूनच निर्णय घ्यावा.

पण मग तोच न्याय दुसरीकडेही लावा. हल्ली 'स्पोर्ट' नाव चिकटवलेल्या एसयूव्हींना १९-२० इंची चाकं असतात, म्हणजे खर्च स्पोर्टी गाडीचा, कडक धक्के स्पोर्टी गाडीचे आणि वळणात मात्र दोन टनांचं धूड. याहून मजेशीर प्रकार म्हणजे मागे छत उतरत गेलेली कूपे-एसयूव्ही. बीएमडब्ल्यूची एक्स६ २००८ मध्ये बाजारात आली तेव्हा एवढ्या मोठ्या गाडीत मागे दोघांचीच बसायची सोय होती. उंची आणि वजन ठेवायचं आणि त्या बदल्यात मिळणारी जागा मात्र कापून टाकायची! ती आवडणाऱ्यांना ती लखलाभ. फक्त त्यांनी मला व्यवहार शिकवू नये.

वेगाची खाज म्हणालात. गंमत अशी की आज ज्याला फक्त वेग हवा आहे, त्याने कूपेच्या वाटेला जायचं कारणच नाही. पाच दारांच्या, मोठ्या डिकीच्या कितीतरी इलेक्ट्रिक गाड्या चार-पाच सेकंदांत शंभरी गाठतात, आणि बॅटरी जमिनीलगत असल्यामुळे त्यांचा गुरुत्वमध्यही खाली असतो. हलक्या स्पोर्टी गाडीचं सुख वेगळं आहे. १९८९ मध्ये आलेली पहिली माझदा एमएक्स-५ घ्या. वजन एका टनाच्या आत, इंजिन १.६ लिटरचं, दोनच सीटा, ताकद मागच्या चाकांना. आकड्यांत ती तेव्हाही वेगवान गाड्यांत मोडत नव्हती. तरी ती पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली, कारण वळणात शिरताना स्टिअरिंगला रस्ता जाणवतो, गिअरचा दांडा मनगटाच्या एका हालचालीत बसतो, आणि हे सगळं मर्यादेतल्या वेगात अनुभवता येतं. जड आणि ताकदवान गाडीत तीच मजा यायला वेग धोक्याच्या पातळीवर न्यावा लागतो. पोरकटपणा कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

'स्पोर्टी गाडीत सामान मावत नाही' हेही सरसकट विधान आहे. डिकीचा 'इतके लिटर' हा आकडा बऱ्याच ठिकाणी पाणी भरून काढत नाहीत. २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, बरोबर एक लिटरचे ठोकळे रचून मोजतात. तरीही त्यावरून डिकीचं तोंड किती रुंद आहे, कडा किती उंच आहे, सीट दुमडल्यावर तळ सपाट होतो का, हे कळत नाही. २०१२ च्या टोयोटा जीटी८६ मध्ये मागची सीट पाडली की चार सुटे टायर मावतील असा विचार करूनच जागा आखली होती, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्याला जादा टायर नेता यावेत. त्या माणसाची 'व्यवहार्य गरज' तीच! आणि ज्याला दोन्ही हवं, त्याच्यासाठी १९७६ पासून एक वाट आहेच. फोक्सवॅगनने साध्या गोल्फच्याच सांगाड्यात ११० अश्वशक्तीचं इंजिन बसवून जीटीआय काढली. वजन नऊशे किलोंच्या आत, डिकी आणि मागची सीट साध्या गोल्फचीच. आजच्या हॉट हॅचबॅक त्याच वाटेवरच्या आहेत. त्या जड झाल्यात आणि त्यांचं सस्पेन्शन अनेकदा गरजेपेक्षा कडक असतं, ही माझी तक्रार आहे. पण पर्याय म्हणून त्या खऱ्या आहेत.

आता तुमचा भाऊ. त्याने कूपे घेऊ नये. हे लिहिताना मला मागच्या लेखातलं काहीही मागे घ्यावं लागत नाही, कारण तो लेख एकट्यादुकट्याने फिरणाऱ्यासाठी होता आणि याचं रोजचं जाणंयेणं चौघा-पाचांचं आहे. मागे पाठमोरी बसवायची बाळाची सीट खूप जागा खाते, तिच्यासाठी पुढची सीट पार पुढे सरकवावी लागते. बाळाची सीट पाठमोरीच असणं हा हट्ट नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत ती तशीच हवी. दोन दारांच्या गाडीत ते मूल रोज पुढच्या सीटमागून वाकून आत सरकवायचं, तेही झोपलेलं असताना, म्हणजे कंबरेचं काम तमाम. त्यात कूपेची दारं लांब असतात. शेजारी गाडी लागलेली असली की ती पुरती उघडत नाहीत, आणि बाळाची सीट हातात घेऊन माणूस फटीत अडकतो. विकणारा ही गोष्ट कधी सांगत नाही.

वडिलांचं तर आणखी स्पष्ट आहे. कूपेची सीट इतकी खाली की बसल्यावर गुडघे कंबरेच्या वर येतात. तिथून उठताना पूर्ण भार गुडघ्यांवर. पण म्हणून सगळ्यात उंच एसयूव्ही घेऊ नका, तिच्यात चढताना तेच गुडघे वेगळ्या तऱ्हेने दुखतील. वळून सरळ बसता यावं, ना उतरायचं ना चढायचं, अशी कंबरेच्या उंचीची सीट हवी. पाच दारांची जरा उंच हॅचबॅक किंवा चांगली वॅगन, म्हणजे छत मागे डिकीवरपर्यंत लांबवलेली कार, त्याला बसेल. वॅगन लोकांना कंटाळवाणी वाटते, पण ती कारइतकी बुटकी असते आणि सामान एसयूव्हीइतकं घेते. चालवायला मजा हवी असलेल्या कुटुंबवत्सल माणसासाठी मला तरी याहून चांगली तडजोड दिसत नाही. इंजिन जरा दमदार घ्यायला सांगा, हौस तिथे भागवू दे. चाकं मात्र लहानातली लहान.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याला पाठवू नका. वडिलांना बरोबर न्या आणि पुढच्या सीटवर पुन्हापुन्हा बसून उठायला सांगा. मुलांच्या दोन्ही सीटा घरून न्या, आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट अडकवायला गाडीच्या सीटमध्ये दिलेल्या, कड्यांत खरोखर अडकवून बघा, मग पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात का ते पाहा. डिकीत बाबागाडी ठेवा. डिकीच्या तळाखाली स्टेपनी आहे की नुसती पंक्चर बुजवायच्या द्रावाची बाटली, तेही उचकटून बघा. एवढं झाल्यावर त्याच्या यादीत ज्या दोन-तीन गाड्या उरतील त्या इथे कळवा, टायरच्या मापासकट. मग त्यातली कोणती, यावर आपण निवांत भांडू.