दोन फ्रिडा आणि आमचं बेळगाव

मेक्सिकन चित्रकर्ती फ्रिडा काहलोवरचा लेख आवडला, पण तिनं स्वतःलाच दोनदा रंगवलेलं १९३९ सालचं ‘दोन फ्रिडा’ हे चित्र म्हणजे निव्वळ घटस्फोटाचं दुःख, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. तिचा चित्रकार नवरा दिएगो रिव्हेराशी घटस्फोट त्याच वर्षी झाला, हे खरंच. पण मग दोघींचे कपडे वेगळे कशाला?

डावीकडची युरोपियन थाटाच्या पांढऱ्या झग्यात, उजवीकडची तेहुआना या मेक्सिकोतल्या पारंपरिक पोशाखात. फ्रिडाचा बाप जर्मनीतून आलेला, आई मेक्सिकोची. दोघींची काळजं उघडी आणि एकच रक्तवाहिनी दोघींतून जाणारी. उजवीच्या हातात दिएगोचं बालपणीचं इवलंसं चित्र आहे. वाहिनी तिथूनच निघते आणि डावीच्या हातातल्या चिमट्यापाशी तुटते. रक्त थांबत नाही, झग्यावर टपटपत राहतं. आणि तरी दोघींनी हात धरलेत! माझी नजर दरवेळी काळजावर नाही, त्या हातांवर जाते.

आमच्याकडं बेळगावात हे वेगळं समजवावं लागत नाही. माझी आई गोकाकची, इरकल नेसणारी, देवापुढं कन्नडात पुटपुटणारी. वडील खानापूरचे, मराठी शाळेतले. मी आकडे मराठीत मोजतो आणि ठेच लागली की तोंडातून ‘अय्यो’ येतं. शहापुरातल्या खोलीत दाढीच्या आरशात बघून एकदा स्वतःचं चित्र काढायला बसलो होतो. नाक बरं जमलं. डोळे मात्र एक आईचा, एक वडिलांचा झाला. कागद फाडला. आता वाटतं, ठेवायला हवा होता की.