चार तासांचं काम म्हणे!

आठवडाभर आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय: "अंगणवाडीच्या बाईंचं काम चार तासांचं. ती सेवा आहे, म्हणून तर मानधन. वाढ पाहिजे तर पंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून द्यावी, नाहीतर गावानं वर्गणी काढावी."

चार तास? कर्नाटकात अंगणवाडी केंद्र साडेनऊ ते चार उघडं असतं. त्यावर गृहभेटी आणि पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवरच्या नोंदी. जांबोटीच्या पुढं रेंज शोधत हिंडायचा वेळ कोण मोजतंय?

'सेवा' म्हणाल तर 2006 साली कर्नाटकातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं अंगणवाडीचं पद सरकारी नोकरीचं नाही असं म्हटलं होतं, हे खरं. पण 25 एप्रिल 2022 ला त्याच कोर्टानं मानधन हे वेतनच धरून ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला.

वित्त आयोगाच्या मुद्द्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले, आणि चूकही तिथंच मोठी. पंधराव्या वित्त आयोगाकडून पंचायतींना मिळालेल्या 2021-26 च्या अनुदानातले 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले. उरलेले मोकळे, पण पगार आणि आस्थापना खर्चाला ते चालत नाहीत. पंचायतीच्या हातात राहते घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि थकबाकी किती असते ते आपल्याला ठाऊक आहेच. कर्नाटक सरकारच्या कूसिन मने योजनेतलं पाळणाघर पंचायतीत चालू शकलं, कारण तिथं मुलं सांभाळणाऱ्या बायकांची मजुरी रोजगार हमीतून धरली.

आता वर्गणी. यात्रेला, देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण घरटी पट्टी काढतोच. समजा 400 घरं, महिना 20 रुपये, म्हणजे 8 हजार. दोन केंद्रांतल्या चौघींना, म्हणजे दोन कार्यकर्ती आणि दोन मदतनीस, दोन-दोन हजार. माझा याला विरोध नाही, उलट मदतनीस बाईंना आधी द्या म्हणेन. पण यात्रेची पट्टी वर्षातून एकदा असते, ही दर महिन्याला. तिसऱ्या महिन्याला कोण दारात उभं राहणार?

शिवाय मूळ देणेकरी सुटतो त्याचं काय? केंद्र सरकारनं कार्यकर्तीचा दर ऑक्टोबर 2018 पासून महिना साडेचार हजार ठरवला, त्यात त्याचा स्वतःचा वाटा 60 टक्के, म्हणजे 2,700. वरचा भार राज्यावर. 2023 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसनं कार्यकर्तीला महिना 15 हजारांचा शब्द दिला आणि मार्च 2025 च्या बजेटात वाढ केली एक हजाराची.

तेव्हा ग्रामसभेत दोन्ही ठराव एकदमच मांडू: एक पट्टीचा, एक 15 हजारांच्या मागणीचा. माझे 20 रुपये तयार आहेत. मेसेज लिहिणाऱ्यानं आपल्या घरचा आकडा सांगावा.