टॉवर लाइनखाली तार ताणून मोटर चालत नाही

रविवारी सकाळी सातला मामांचा फोन आला. "अगं, जीआय तार दहा गेजची घेऊ का आठची? आणि वीस फुटी पाइप पुरतील ना?" मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते, म्हणून घरातले असले प्रश्न माझ्याकडे येतात. मला वाटलं, टोमॅटोच्या मांडवाचं काही असेल. तसं नव्हतं. जुन्नर तालुक्यातल्या त्यांच्या रानावरून ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची, टॉवर लाइन गेली आहे. तिच्याखाली तार ताणून पाच एचपीची मोटर फुकटात चालवायची, असं बापलेकांचं ठरलं होतं. पाइप बांधावर येऊन पडलेसुद्धा होते.

हे डोक्यात घातलं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका मेसेजने. तुमच्याकडेही आला असेल. त्यातल्या पाच गोष्टी अशा: निकोला टेस्ला या संशोधकाने १८९९ मध्ये ४० किलोमीटरवरचे २०० दिवे तारेविना पेटवले; मीटर बसवता येणार नाही म्हणून त्याला पैसे पुरवणाऱ्या मॉर्गन या बँकरने त्याचा टॉवर पाडला; आता वायरलेस चार्जर आले, म्हणजे टेस्ला खरा ठरला; टॉवर लाइनखाली नुसती ट्यूब धरली तरी पेटते, म्हणून शेतकऱ्याने वीस फुटी लोखंडी पाइपांवर तार ताणून मोटर चालवावी; आणि शेवटी, वायरलेस चार्जर उशाशी ठेवला की कॅन्सर होतो, पेसमेकर बंद पडतो.

चौथा, म्हणजे तार ताणून मोटर चालवायचा मुद्दा आधी घेते, कारण त्याने माणूस मरेल.

ट्यूब पेटते हे खरं आहे. अंधारात अशा लाइनखाली वायू भरलेली जुनी ट्यूबलाइट उभी धरली तर ती मंद उजळते. मामांचा स्वतःचा अनुभवही खरा आहे. कोरड्या बांबूंवर ओढलेल्या मांडवाच्या तारेला हात लावला की झिणझिण्या येतात. "मग तारेत वीज येतेच की," ते म्हणाले. येते. पण किती येते, हे मेसेज लिहिणाऱ्याने कुठेच सांगितलेलं नाही.

लाइन आणि जमीन यांच्या मधल्या हवेत विद्युत क्षेत्र असतं. जमिनीपासून तुटलेली लांब तार त्या क्षेत्रात राहिली की तिच्यावर काही हजार व्होल्टसुद्धा चढू शकतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण त्या दाबामागे जोर नसतो. शंभर मीटर तार असेल तर तिच्यातून जमिनीकडे जाणारा प्रवाह फार तर काही मिलिअँपियर, म्हणजे अँपियरचे काही हजारावे भाग. पाच एचपीची थ्री फेज मोटर सात-साडेसात अँपियर ओढते. हजार पटींहून जास्त. ट्यूबमधल्या विरळ वायूला चमकायला इतकुसा प्रवाह पुरतो, विहिरीतून पाणी उचलायला पुरत नाही.

मामेभाऊ मधेच म्हणाला, "ताई, मग सरळ तार नको, गुंडाळी करू. चार्जरमध्ये गुंडाळीच असते ना?" प्रश्न बरोबर होता, म्हणून त्याला फोनवरच कागद-पेन्सिल घ्यायला लावली. दहा मीटर लांब, दहा मीटर उंच असा तारेचा एक वेढा धर. लाइनखालचं चुंबकीय क्षेत्र १० मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) धर. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा. उत्तर येतं ०.३ व्होल्ट. शंभर वेढे घातले तर ३१ व्होल्ट, पण त्याला चार किलोमीटर तार लागते. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार घेतली तर तिचं वजन ५४ किलो. तिचा स्वतःचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ४६ ओहम. सगळं अगदी जमून आलं तरी त्यातून जास्तीत जास्त पाच वॅट निघतात. एक छोटा एलईडी दिवा. क्षेत्र दुप्पट धरलं तर वीस वॅट. मोटरला ३,७०० लागतात. तो गप्प झाला.

आता पाइपांचं. ४०० केव्हीच्या लाइनची सगळ्यात खालची तार जमिनीपासून निदान ८.८४ मीटर उंच असावी, असा नियम आहे. म्हणजे २९ फूट. ही उंची दोन टॉवरच्या मधोमध, जिथे तार सर्वात जास्त झोळते तिथली. उन्हाळ्यात लोड वाढला की तार तापून आणखी खाली येते. वीस फुटी पाइप उभा केला तर वर उरले नऊ फूट. तोच पाइप बांधावर चढून, खांद्यावर तोलत उभा करताना टोक आणखी चार-पाच फूट वर जातं. चार लाख व्होल्टच्या तारेला शिवावं लागत नाही, पुरेसं जवळ गेलं की वीज हवेतून उडी मारते. अशा लाइनजवळ क्रेन चालवणारेसुद्धा कित्येक मीटर अंतर राखतात. आणि इथे शेतकऱ्याला सांगताहेत की हातात लोखंडी पाइप धरून तिच्या पोटाखाली उभा राहा. हे लिहिणाऱ्याने एकदा तरी टॉवर लाइनखाली उभं राहून वर बघितलं असतं तर हे वाक्य त्याच्या हातून उतरलं नसतं. मला याचाच संताप आहे. रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला जाऊन मेटाकुटीला आलेल्या माणसाला फुकट विजेचं आमिष दाखवून त्याच्या हातात मरण द्यायचं, आणि वर "जास्तीत जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोचवा" असं लिहायचं!

पाइप सुखरूप उभे राहिले तरी धोका संपत नाही. लाइनवर फॉल्ट झाला की तिला समांतर असलेल्या लांब तारेत क्षणभर एरवीच्या कित्येक पट दाब येतो. तेव्हा त्या तारेला हात लागला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

बाकीचे मुद्दे भराभर. १८९९ चे ते प्रयोग अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला झाले. त्यांची टेस्लाची स्वतःची रोजनिशी १९७८ मध्ये बेलग्रेडच्या टेस्ला संग्रहालयाने छापली. तीत प्रयोगशाळेजवळ पेटवलेले दिवे आहेत, ४० किलोमीटरवरचे २०० दिवे नाहीत. मॉर्गनने दीड लाख डॉलर दिले ते मुळात अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठवण्यासाठी. डिसेंबर १९०१ मध्ये त्याचा प्रतिस्पर्धी मार्कोनी याने अटलांटिकपार संदेश पाठवून दाखवला, टेस्लाचा खर्च वाढत गेला, आणि मॉर्गनने पुढचे पैसे द्यायला नकार दिला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा टेस्लाचा तो टॉवर १९१७ मध्ये पाडला गेला तो टेस्लावरच्या हॉटेलच्या थकबाकीपायी. "मीटर कुठे लावायचा" हे मॉर्गनच्या तोंडी घातलेलं वाक्य फिरतं खूप, त्याचा लेखी पुरावा कुणी दाखवत नाही. टेस्ला मोठा होताच. आज मामांच्या डीपीपर्यंत येणाऱ्या एसी विजेत त्याचा वाटा आहे. त्याला खोट्या दिव्यांची गरज नाही.

चार्जरने टेस्ला खरा ठरला का? २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. साठ सेंटिमीटर व्यासाच्या दोन गुंडाळ्या, एकमेकींशी नेमक्या जुळवलेल्या, मधे दोन मीटरहून थोडं जास्त अंतर. ६० वॅटचा बल्ब पेटला, आणि सुमारे ४० टक्के ऊर्जा पोचली. जगातल्या उत्तम प्रयोगशाळेत, मुद्दाम जुळवणी करून, एका खोलीतल्या अंतरावर निम्म्याहून जास्त वीज वाटेत गेली. म्हणूनच मोबाइलचा वायरलेस चार्जर फोनला चिकटवावा लागतो. दोन्ही गुंडाळ्यांमध्ये काही मिलिमीटर अंतर असतं, तरी फोन तापतो. इलेक्ट्रिक टूथब्रश तसाच. इंडक्शन शेगडीवरचं भांडं उचललं की शेगडी थांबते, तेही त्याचमुळे. अंतर वाढवायचं तर वीज नखाएवढी उरते: गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते, टोलनाक्याच्या रीडरकडून येणाऱ्या लहरींवरच तो जागा होऊन आपला नंबर सांगतो. तेवढ्यापुरतीच ती ऊर्जा.

एक कबूल करावं लागेल. लांबवर भरपूर वीज पाठवता येतच नाही, असं नाही. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला नासाने दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून जास्त वीज मायक्रोवेव्हने पोचवली. पण पाठवायला २६ मीटर व्यासाची डिश होती आणि झोत नेमका एका ठिकाणी रोखलेला होता. ते सगळं चालवायला वीज लागलीच, ती कुणी हवेतून काढली नव्हती.

कॅन्सरचं: चार्जरच्या या लहरींमध्ये शरीरातले रेणू तोडण्याइतकी ताकद नसते. पेसमेकरबद्दल मात्र मेसेज चुकून थोडासा बरोबर आहे. चुंबकाने चिकटणारा फोन आणि त्याचा चार्जर पेसमेकरपासून लांब ठेवायला हवा. अ‍ॅपल कंपनीच स्वतः सांगते, १५ सेंटिमीटरपेक्षा लांब, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० पेक्षा. घरात पेसमेकर असलेलं कुणी असेल तर तो फोन शर्टाच्या खिशात नको, इतकं पाळा आणि डॉक्टरांना विचारा.

झिणझिण्यांवर उपाय सोपा आहे. लाइनखालची मांडवाची किंवा कुंपणाची तार जमिनीपासून तुटलेली ठेवायची नाही. मामांनी परवान्याच्या वायरमनला बोलावून सोमवारी ठिकठिकाणी अर्थिंगचे गज ठोकून घेतले, तार त्यांना जोडली, झिणझिण्या गेल्या.

मंगळवारी तोच मेसेज भावकीच्या ग्रुपवर पुन्हा आला. त्याखाली मामांनी बांधावर आडव्या पडलेल्या पाइपांचा फोटो टाकला आणि लिहिलं, "उभे करू नका. २९ फुटांतून २० गेले, किती राहिले ते मोजा."