लो-पॉइंट ड्रेन उघडला म्हणजे हीटर रिकामा झाला का?

नमस्कार,

हिवाळ्याआधी कॅम्पिंग ट्रेलरचा वॉटर हीटर प्लग (टाकीच्या तळाजवळचं बूच) काढून रिकामा करा, या माझ्या सल्ल्यावर तुम्ही लिहिलंय की लो-पॉइंट ड्रेन (पाइपांच्या सर्वात खालच्या जागी असलेली तोटी) आणि नळ उघडले की वॉटर हीटरही आपोआप रिकामा होतो, टाकीभोवती फोम असतोच, प्लग काढला तरी तळाशी पाणी उरतंच, आणि तो काढता-लावताना आटे खराब होण्याची भीती असते. मग लोकांना पाना घेऊन का बसवता? अमेरिकेत मिशिगन-मिनेसोटाच्या थंडीत ट्रेलर उघड्यावर ठेवणारे बरेच मराठी वाचक हे वाचतात, म्हणून नीट उत्तर देतो.

हीटरमध्ये थंड पाणी खालून शिरतं, गरम पाणी वरून बाहेर पडतं. बऱ्याच ट्रेलरांत वरच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह असतो. तो पाणी उलटं येऊ देत नाही, आणि नळातून येणारी हवाही टाकीत शिरू देत नाही. हवा आत गेली नाही तर पाणी बाहेर पडणार कसं? स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट धरलं की सरबत आत अडकतं, तसंच होतं. ड्रेनची धार थांबते, आपण निश्चिंत होतो, आणि ६ गॅलनच्या, म्हणजे साधारण २३ लिटरच्या टाकीत बरंच पाणी तसंच राहू शकतं. गोठताना पाणी जवळजवळ ९ टक्के फुगतं. भरलेल्या टाकीत त्याला जागाच नसते.

तळाला उरणाऱ्या पाण्याबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण त्याच्या वर अख्खी टाकी मोकळी असते, ते खुशाल फुगू दे. फोमचा मुद्दा मात्र टिकत नाही. फोम उष्णता जाण्याचा वेग कमी करतो, उष्णता तयार करत नाही. बंद ट्रेलरमध्ये आठवडाभर पारा शून्याखाली राहिला की आतलं पाणीही तिथेच पोहोचतं.

शिवाय प्लग काढण्याचं मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं कारण वेगळंच आहे. सबर्बन कंपनीच्या पोलादी टाकीत प्लगलाच मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड जोडलेला असतो. टाकीऐवजी तो झिजतो, हेच त्याचं काम. तो काढल्याशिवाय किती उरलाय हे कळायला मार्ग नाही. पाऊण भाग झिजला असेल तर नवा घ्या. त्याच भोकातून पाण्याची धार मारून तळाचा क्षारांचा गाळही धुता येतो. अ‍ॅटवूड कंपनीची टाकी अ‍ॅल्युमिनियमची, तिचा प्लग प्लॅस्टिकचा. आटे खराब होण्याची तुमची भीती तिथे रास्त आहे, म्हणून तो हातानेच फिरवायला सुरुवात करा आणि तिथे धातूचा अ‍ॅनोड बसवू नका.

हीटरच अ‍ॅन्टिफ्रीझने भरावा, ही तुमची सूचना मी स्वीकारणार नाही. बायपास (हीटर वगळून पाणी पुढे नेणारा व्हॉल्व्ह) फिरवला की हा न गोठणारा गुलाबी द्रव फक्त नळांच्या पाइपांत जातो आणि थोडक्यात भागतं. टाकी भरायची तर सहा गॅलन जादा ओतायचे आणि वसंतात ते धूत बसायचं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लगला हात लावण्याआधी गॅस आणि वीज दोन्ही बंद करा, पाणी पूर्ण निवू द्या, पंप आणि बाहेरचं पाणी बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा, दाब जाऊ द्या. दाबाखालचं गरम पाणी अंगावर आलं तर भाजून निघाल. प्लग निघाला की वरच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हचा खटका उचला. हवा शिरते आणि टाकी भराभर रिकामी होते. आणि विजेच्या स्विचवर चिकटपट्टी लावून ठेवा. रिकाम्या टाकीत एलिमेंट (पाणी तापवणारी विजेची कॉइल) चालू झालं तर बघता बघता जळतं. वसंतात गरम पाण्याच्या नळातून हवा न येता सलग धार लागेपर्यंत ती पट्टी काढू नका.