सोलर प्रकल्पाचे ५० हजार प्रत्येक घराला मिळणार नाहीत

"गावात सोलर प्रकल्प झाला की प्रत्येक घराला वर्षाला ५० हजार, नाव नोंदवा" हा मेसेज करवीर-कागलच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा २०२३ चा शासन निर्णय बघा. प्रकल्पासाठी शेतजमीन भाड्याने दिली, तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे एकराला साधारण ५० हजार. मेसेजमधला आकडा तिथलाच, पण तो सातबारा असणाऱ्याचा. ग्रामपंचायतीला मात्र दरवर्षी ५ लाख, ३ वर्षं मिळतात, तेही गावकामासाठी. या प्रकल्पातून शेतीपंपांना दिवसा वीज मिळते, त्याचा फायदाही शेतकऱ्यालाच.

आमच्या गल्लीतल्या भांगलणीला जाणाऱ्या मावशी आधारची झेरॉक्स काढून बसल्यात. त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. अशा घरांपर्यंत काही पोचायचं तर ग्रामपंचायतीच्या तीन वर्षांच्या त्या १५ लाखांतूनच, नाहीतर गावातली दरी वाढेल असं मला वाटतं. ग्रामसभेत हा विषय लावून धरा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. कुणाला आधार, बँक पासबुकही देऊ नका.